सगळ्यांनी एकदम उघडा

माझ्या नवऱ्याला ऑफिसात 'बघू' म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही, पण ज्यानं ठेवलं त्याच्या तोंडात साखर पडो. हा माणूस कशालाच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सुट्टीत कुठे जायचं? बघू. गळका नळ कधी दुरुस्त करायचा? बघू. आमचं लग्न झालं तेसुद्धा मी तारीख ठरवून याला कळवली म्हणून.

आम्ही दोघं एकाच टीममध्ये कोड लिहितो. खरं सांगायचं तर मी आधी त्याच्या कोडवरच भाळले. एक ओळ जास्त नाही, प्रत्येक नाव असं नेमकं की वाचणाऱ्याला काही विचारायलाच लागू नये. एका फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव ठरवायला अर्धा दिवस घालवेल, पण ठरवेल. मला वाटलं, एवढं स्वच्छ लिहिणारा माणूस बोलतही तसंच असेल. कसलं काय!

टीमचंही कौतुक सांगायलाच हवं. आमची टीम अजाईल आहे, म्हणजे चपळ. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहायचं आणि तीन उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, काही अडथळा आहे का. उभं अशासाठी, की पाय दुखायला लागले की माणूस लवकर आवरतं घेतो. आता आमचे पाय तासभर दुखत नाहीत. हे सगळं चालवायला कंपनीनं एक प्रशिक्षक नेमलाय, त्याला आम्ही गुरुजी म्हणतो. गुरुजींनी उभ्या जन्मात कोडची एक ओळ लिहिलेली नाही, पण भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या अशा सरळ लावतात की बघत राहावं. अडथळ्याच्या प्रश्नाला सगळे 'नाही' म्हणतात. एकदा सर्व्हरच बंद पडला होता, तेव्हाही सगळे 'नाही'च म्हणाले.

पण खरी गंमत पत्त्यांची. नवं काम आलं की ते किती अवघड आहे हे पत्त्यानं सांगायचं. प्रत्येकाच्या हातात आकड्यांचे पत्ते असतात. शून्य म्हणजे चुटकीसरशी होणारं, शंभर म्हणजे आपल्याच्यानं न झेपणारं. मनातला पत्ता पालथा ठेवायचा आणि गुरुजी म्हणाले, "सगळ्यांनी एकदम उघडा!" की उघडायचा. कुणी कुणाचं बघून आकडा सांगू नये म्हणून ही सोय. आकडे जुळले नाहीत तर ज्याचा सगळ्यात मोठा, त्यानं आधी बोलायचं.

कल्पना चांगली आहे हो. पण आमच्या साहेबांना दम कुठला निघायला? ते नेहमी सगळ्यांच्या आधी उघडतात, आणि नेहमी तीन. मग टीममधला प्रत्येकजण एक युक्ती शिकला: साहेबांचा आकडा दिसला की आपला पत्ता मांडीखाली सरकवायचा आणि तीन पुढे करायचा. कंपनीला चपळ टीम हवी होती, ती मिळाली. गुरुजी भिंतीवर 'एकमत' लिहितात आणि तीन आकड्याचं काम महिनाभर चालतं. या युक्तीत बघू सगळ्यांचा बाप. त्याचा हात हललेला मलासुद्धा दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मला दुसऱ्या शहरातल्या शाखेत स्वतःची टीम देऊ केली. दोन वर्षांसाठी. शुक्रवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं. बघूचं काम इथलं, आणि आमच्याजवळ राहणाऱ्या सासूबाई हे घर सोडायला तयार नाहीत, त्यामुळे गेले तर मी एकटीच जाणार. मला जायचं होतं, अगदी मनापासून. पण याला काय वाटतं ते ऐकल्याशिवाय माझं पाऊल उचलेना. सोमवारी विचारलं, तर म्हणाला, "बघू." मंगळवारी म्हणाला, "तुला काय वाटतं?" बुधवारी त्यानं न सांगता सगळी भांडी घासली. आता याचा अर्थ काय लावायचा मी?

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातले पत्ते घरी आणले. चहाच्या टेबलाशी दोघांना बसवलं, पत्ते वाटले, सासूबाईंना नियम समजावला.

"पैसे लावून खेळायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"मग काय मजा?"

"प्रश्न एकच," मी म्हटलं. "मी गेले तर तुम्हाला किती जड जाईल? मीही माझा आकडा टाकते."

आता माझा खरा आकडा काही लहान नव्हता. पण या पठ्ठ्याला मी ओळखून होते. मी मोठा आकडा दाखवला तर हा माझीच री ओढणार. म्हणून मी शून्य घेतला, आणि साहेबांसारखा मुद्दाम क्षणभर आधी उघडला.

सासूबाईंनी आठ उघडला. "भाजीबिजी मी बघीन गं. पण या घुम्याशी बोलायचं कुणी?"

मग बघूनं उघडला. शून्य.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शून्य? इतक्या वर्षांच्या संसाराला शून्य?"

"तुझंही शून्यच आहे की."

"ऊठ."

"अगं, चहा पितोय..."

"ऊठ म्हणते ना!"

तो उठला. खुर्चीवर एक पत्ता पालथा पडला होता. सासूबाईंनी उचलून सरळ केला. शंभर.

मी विचारलं, "हा का लपवलास?"

"तुझा शून्य दिसला. म्हटलं, तुला काहीच जड जात नाहीये, तर मी कशाला पायात घुटमळू?"

"अरे गाढवा, माझा शून्य खोटा होता!"

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमच्या ऑफिसात आता पुढे काय करतात?"

"ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तो आधी बोलतो."

"मग बोल रे बाबा एकदाचं."

त्यानं कप फिरवला, पुन्हा फिरवला. फंक्शनचं नाव ठरवताना असतो तसा चेहरा झाला होता त्याचा. मग म्हणाला, "तू जा. टीम तू छान चालवशील. मला शंभर आहे, एवढं फक्त तुला माहीत असू दे."

मला रडूच फुटलं. ज्या वाक्याची इतकी वर्षं वाट पाहिली, ते मला जायला सांगतानाच यावं! सासूबाई उठल्या आणि आमच्या कपांत पुन्हा चहा ओतून आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांना होकार कळवला. मग सगळे फळ्यासमोर उभे राहिलो. काल काय, आज काय, अडथळा नाही. अडथळा नाही. अडथळा नाही. बघूची पाळी आली.

"आहे," तो म्हणाला. "बायको जातेय."

गुरुजींनी हातातली चिठ्ठी खाली केली. असं उत्तर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. "तसं नाही, कामातला अडथळा. आणि तो असेल तर... किती धरू? साधारण?"

सवयीनं सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांची तीन बोटं वर येतच होती.

"शंभर," बघू म्हणाला. त्यानं कुणाच्याही हाताकडे पाहिलं नव्हतं.

त्याच्यानंतर पाळी माझी होती. काल काय केलं, आज काय करणार, काही अडथळा आहे का. मी गुरुजींच्या हातातली चिठ्ठी घेतली, तिच्यावर माझा खरा आकडा लिहिला आणि भिंतीवर लावली.