‘नो’ म्हणजे सगळं ठीक

श्रीरंगला फुकटात मिळणाऱ्या गोष्टींचं भारी कौतुक. मोटेलातल्या साबणाच्या वड्या, हॉटेलातल्या केचपच्या पुड्या, पंपावरचे नकाशे, सगळं गाडीच्या कप्प्यात जमा व्हायचं. पण त्याचा सगळ्यांत लाडका प्रकार म्हणजे फोनची युक्ती. विद्यार्थी असताना शिकलेली. आता चांगली नोकरी, घर, स्टेशन वॅगन सगळं झालं तरी सुटली नव्हती. रस्त्यावरच्या फोनवरून घरी कलेक्ट कॉल लावायचा, म्हणजे पैसे फोन उचलणाऱ्याच्या माथी. ऑपरेटर विचारणार, अमक्याचा फोन आहे, घेता का? घरच्यांनी ‘नो’ म्हणायचं. फोन बंद, पैसे कोणालाच नाहीत, आणि निरोप मात्र दोन्हीकडे पोचला की सगळी खुशाली आहे. काही बिनसलं असेल तरच ‘यस’ म्हणून बोलायचं.

सहलीला निघायच्या आधी त्याने आईकडून याची चक्क तालीम करून घेतली होती. सुमित्राबाई आणि जगन्नाथराव, म्हणजे श्रीरंगचे आई-अप्पा, त्याच्या बायकोचे, उत्तराचे सासू-सासरे, पंच्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच साताऱ्याहून अमेरिकेत पिस्कॅटवेला आले होते. अप्पांना गाडी लागायची. समुद्राच्या कडेकडेने फ्लोरिडापर्यंत जाऊन यायचं म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. “तुम्ही पोरीला समुद्र दाखवून आणा,” ते म्हणाले. “मी इथे कुस्त्या बघतो.” टीव्हीवरच्या त्या लुटुपुटीच्या कुस्त्यांचं त्यांना वेड लागलं होतं. आवाज एवढा मोठा की शेजाऱ्यांनाही कोण जिंकलं ते कळावं.

उत्तराचा पाय घरातून निघत नव्हता. अप्पांना ब्लडप्रेशर, आईंना इंग्रजीचा गंध नाही. दोन म्हातारी माणसं परक्या देशात एकटी ठेवून आपण वाळूत लोळायला जायचं, हे तिला काही पटेना. श्रीरंगने तिची समजूत काढली. युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणारा प्रसन्न रोज चक्कर मारणार होता. आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी फोन होताच.

फोन ठरल्याप्रमाणे होत गेले. श्रीरंग काचेच्या खोक्यात उभा राहायचा आणि आईचा खणखणीत ‘नो’ ऐकून हसत बाहेर यायचा. “यार, काय टेचात म्हणते! जन्मभर अप्पांना म्हणायचं राहिलं होतं ते आता म्हणून घेतेय.” उत्तराही हसायची. पण मनातली धाकधूक काही जात नव्हती.

परतीच्या वाटेवर शेवटचा मुक्काम नॅग्ज हेडला होता. त्या संध्याकाळी श्रीरंग बर्फाची पेटी धुण्यात गुंतला होता, म्हणून फोन करायला उत्तरा गेली. मोटेलच्या मागे वाळूतच फोन उभा होता. वारा सुटला होता, समुद्र काळपट दिसत होता आणि किनाऱ्यावरची माणसं छत्र्या मिटून निघाली होती. उत्तराने ऑपरेटरला नंबर सांगितला.

घरचा फोन स्वयंपाकघरात भिंतीवर. आई दिवाणखान्यातून पाय ओढत येईपर्यंत पाच-सहा घंटा सहज व्हायच्या. आज पहिली घंटा पुरती वाजलीही नाही. ऑपरेटरचा प्रश्न अर्धाच झाला होता, तोच आईंचा आवाज आला, “नो.” आणि पुन्हा एकदा, घाईने, “नो, नो.”

मागे कुस्त्यांचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता. फक्त लाइन तुटता तुटता एक पुरुषी आवाज आला, “चला.” तो अप्पांचा नव्हता.

उत्तरा रिसीव्हर धरून तशीच उभी राहिली. मग वाळूतून जवळजवळ धावतच खोलीवर आली.

“अहो, काहीतरी बिघडलंय घरी.”

“का? यस म्हणाली?”

“नाही. नोच म्हणाल्या. पण फोनपाशीच बसल्यासारखा पटकन उचलला. टीव्ही बंद. आणि कोणीतरी ‘चला’ म्हणालं.”

“प्रसन्न असेल गं. नेत असेल फिरायला.” श्रीरंगने पेटी उपडी घातली. “आईला काय शिकवलंय मी? काही झालं तर यस. ती नो म्हणाली ना? मग झालं तर.”

“पण आपण साधा फोन करूया ना. नाणी आहेत माझ्याकडे.”

“कर, हवा तर.”

तिने केला. बराच वेळ वाजत राहिला, कोणी उचलला नाही. श्रीरंग म्हणाला, बघ, गेले फिरायला. थोड्या वेळाने तिने पुन्हा केला. तेव्हाही नाही. “झोपले असतील,” तो म्हणाला, पण या वेळी त्याने तिच्याकडे बघितलं नाही. रात्रभर उत्तरा समुद्राचा आवाज ऐकत कूस बदलत राहिली. एवढ्या दिवसांत गोड वाटलेला तो आवाज त्या रात्री तिला नकोसा झाला.

सकाळी निघताना तिने पुन्हा नाणी टाकली. आता फोन एंगेज. नाश्ता झाला, सामान भरून झालं, तरी एंगेजच. इंग्रजी न येणाऱ्या, फोनला विंचवासारख्या घाबरणाऱ्या आई सकाळी सकाळी एवढा वेळ कोणाशी बोलत असतील? हा प्रश्न उत्तराने मोठ्याने विचारला नाही. तिने प्रसन्नच्या खोलीवर फोन लावला. उचलला त्याचा रूम पार्टनर नंदूने.

“प्रसन्न? तो कालपासून रूमवर आलाच नाही, वहिनी. तो तर तिकडेच...” नंदू एकदम थांबला. “तुम्ही कुठून बोलताय? पोचलात का?”

“नाही अजून. नॉर्थ कॅरोलिनात आहोत. तिकडेच म्हणजे कुठे?”

“म्हणजे... लॅबमध्ये. लॅबमध्येच असेल.” मग अगदी हळू आवाजात, “गाडी श्रीरंगदाच चालवणार ना? मग सावकाश या, वहिनी. काही घाई नाही.”

काही घाई नाही. नंदूसारखा उनाड पोरगा सावकाश या म्हणतो, ते कशासाठी?

तिने श्रीरंगला सांगितलं. त्याने नकाशा घडी न घालताच मागे फेकला आणि गाडी सुरू केली.

त्यानंतरचा रस्ता उत्तराला कधीच विसरता आला नाही. जाताना याच रस्त्यावर त्यांनी भेंड्या खेळल्या होत्या, पीचच्या टोपल्या घेतल्या होत्या. आता श्रीरंग दात आवळून गाडी हाणत होता. चेसापीकच्या उपसागरावरचा तो लांबलचक पूल आला. मैलोन्‌मैल दोन्हीकडे पाणी, आणि मध्येच रस्ता बोगद्यात शिरून समुद्राखाली जातो. जाताना दहा वर्षांच्या वीणाने इथे टाळ्या पिटल्या होत्या. आता ती मागच्या सीटवरून म्हणाली, “बाबा, व्हाय आर यू गोइंग सो फास्ट?”

“सीट बेल्ट लाव,” श्रीरंग ओरडला.

बोगद्यातून वर येता येता पुढचा ट्रक अचानक थांबला. ब्रेक कचकन लागले, बर्फाची पेटी घरंगळून वीणाच्या पायावर आदळली आणि गाडी ट्रकच्या मागच्या दिव्यांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. वीणा रडत होती.

“मी चालवू का?” उत्तराने विचारलं.

“नको.” आणि मग, इतका वेळ दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडून निघालंच. “ती नो म्हणाली, उत्तरा. आई माझ्याशी खोटं बोलणार नाही.”

आई खोटं बोलणार नाहीत हे उत्तरालाही ठाऊक होतं. पण प्रवासातल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, त्याला आधी सुखरूप घरी येऊ द्यायचं, हे तिच्या आईने पाळलं होतं, आजीने पाळलं होतं. त्याला खोटं बोलणं म्हणतात असं त्यांच्या कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. आपण आईंना नो शिकवलं, यस शिकवलं, आणि हे विसरलो. कसं विसरलो आपण? आपल्याच घरातली माणसं ना ती!

डेलावेअर गेलं, टर्नपाइकचा टोलरस्ता आला, रोजचे ओळखीचे फाटे दिसायला लागले. एरवी इथे पोचलं की हुश्श व्हायचं. आता घर जवळ येऊ नये असं उत्तराला वाटत होतं.

दुपार कलली होती. घरासमोर पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. महाराष्ट्र मंडळातली माणसं लॉनवर घोळक्याने उभी होती आणि वॅगन वळताना बघून सगळी वाटेतून बाजूला झाली. पायरीवर बसलेला प्रसन्न उठला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो श्रीरंगच्या जवळ आला.

“अप्पा?” श्रीरंगने विचारलं.

प्रसन्नने मान हलवली.

आत दिवाणखान्यात सगळं सामान बाजूला सारून चादर अंथरली होती. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. श्रीरंग दारातच गुडघ्यांवर बसला. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग उत्तराकडे, मग लंगडत आत आलेल्या वीणाकडे बघितलं. तिघंही आहेत हे बघून त्यांनी डोळे मिटले.

“काल पहाटे छातीत दुखायला लागलं,” प्रसन्न हळूहळू सांगायला लागला. “आजींनी मला फोन केला, आम्ही हॉस्पिटलला नेलं. दुपारनंतर बरे होते, श्रीरंगदा. खरंच बरे होते, बोलत होते. डॉक्टरही म्हणाले धोका टळला असावा. मग संध्याकाळ व्हायला लागली तशी आजी मला म्हणाल्या, घरी ने, फोन यायची वेळ झाली.”

“घरी?” श्रीरंगने आईकडे बघितलं. “त्यांना सोडून घरी आलीस? नो म्हणायला?”

“मग काय करू रे?” आईंचा आवाज बसला होता. “उचलला नसता तर तू घाबरून रातोरात गाडी हाणत आला असतास. बरोबर बायको, पोर. यस म्हटलं असतं तरी तेच. त्यांनाही पटलं. म्हणाले, जा, नो सांगून ये. हसले सुद्धा. मी म्हटलं, आलेच.”

त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली.

“परत गेले तर पडदा ओढला होता,” आई म्हणाल्या. “ही एवढीशी वेळ गेली रे. एवढीशीच.”

श्रीरंगने डोकं जमिनीला टेकवलं आणि तो लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. उत्तरा आईंच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेतला तर तो गार होता. आईंनी तिच्याकडे वळून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

“काल तूच होतीस ना गं फोनवर? रंगा कधी एवढा श्वास धरून ऐकत नाही. मी नीट म्हटलं ना? तुला काही कळलं नाही ना?”

बोगद्याच्या तोंडाशी थांबलेला तो ट्रक उत्तराच्या डोळ्यांपुढे आला. वीणाचा सुजलेला पाय समोर दिसत होता.

“नाही आई,” ती म्हणाली. “अगदी नीट म्हणालात. आम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही. मजेत आलो आम्ही.”

आईंनी मान डोलावली, आणि मग इतक्या वेळात पहिल्यांदाच त्या रडायला लागल्या.