हळद लागली आणि फायनल आली

मी बस्करपट्टी बोलतेय. आत्ता मधली सुट्टी झाली आहे, पोरं बाहेर चिंचा पाडताहेत, तेवढ्यात बोलून घेते. घंटा झाली की माझ्यावर पुन्हा सातवीचा वर्ग बसेल आणि मग मला कोण बोलू देतंय!

माझा जन्म धुळ्याच्या तुरुंगातला. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्या काळी कितीतरी शाळांच्या पट्ट्या तिथल्याच मागांवर विणल्या जायच्या. मला विणणारा कैदी फार नेटका माणूस होता. निळा पट्टा, तांबडा पट्टा, पुन्हा निळा, अशी बारा हात लांब मी तयार झाले आणि लोकलबोर्डाच्या सामानातून बैलगाडीनं पांझरेकाठच्या या गावी आले. धुळ्यापासून चार कोसांवरचं गाव. साल एकोणीसशे सत्तावीस.

माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, मी बसण्यावरून ओळखते. हुशार पोर ताठ बसतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. हुशार पोर सारखं चुळबुळत असतं. ताठ बसतं ते घाबरलेलं. आणि ज्याला शाळा सोडायची आहे, ते माझ्या अगदी टोकाला बसतं, एक पाय पट्टीबाहेर टाकून.

अशी टोकाला बसणारी फार पाहिली मी. पहिलीच्या पट्ट्यांवर पोरं एकमेकांच्या मांडीवर बसायची इतकी गर्दी. चौथीत मोकळं मोकळं व्हायचं. मी सातवीची पट्टी, म्हणजे मानाची, पण माझ्यावर चार-पाच पोरांपेक्षा जास्त कधी नाहीत. तीही दिवाळी झाली, कापूस फुटला, की वेचणीला जायची ती परत यायचीच नाहीत. सातवीच्या शेवटी फायनलची परीक्षा व्हायची धुळ्याला, चैत्रात. आठ वर्षांत आमच्या शाळेतून त्या परीक्षेला कोणी बसलंच नाही. रुपचंद मास्तर दरवर्षी अर्ज मागवायचे आणि दरवर्षी कोरे परत पाठवायचे. बिचारे मला झटकताना नेहमीपेक्षा जरा जोरात झटकायचे, तेवढाच काय तो राग.

मग एके वर्षी जूनमध्ये माझ्यावर धप्पकन एक माणूस बसला. पोर नव्हे, माणूस! मिशी, फेटा, हातभर रुंद खांदे. पुना आबांचा मुलगा सुपडू. वय वर्षं एकवीस. हा सहा वर्षांपूर्वी सातवीतूनच कापूस वेचायला गेला होता, तो आता परत आला. पोरं खुदुखुदु हसली. मास्तरांनी विचारलं, "का रे, आता कशी आठवण झाली?"

सुपडूनं मान खाली घालून सगळं सांगितलं. धुळ्याच्या देवपुरात मुलगी पाहायला गेला होता. मुलगी, पुष्पाबाई, एका कारकुनाची लेक, स्वतः फायनल पास. तिला हा पसंत पडला. पण सगळ्यांसमोर तिनं याला विचारलं, शाळा का सोडली? हा म्हणाला, कापूस होता. ती म्हणाली, "कापूस दर साली असतो. पास-नापास मी बघणार नाही, ते नशिबाचं. पण सातवी पुरी करा, परीक्षेला बसा. अर्ध्यावर उठून जाणारा माणूस मला नको."

बैठकीत पोरीनं असं बोलायचं म्हणजे त्या काळी आक्रीतच. पण सुपडूला तीच आवडली.

सुपडूला अभ्यास सोपा गेला असं मी मुळीच म्हणणार नाही. त्रैराशिक आलं की त्याच्या पायाला मुंग्या यायच्या, मला लगेच कळायचं. पण हा गडी हटायचा नाही. आणि दिवाळीनंतर त्यानं एक नवलच केलं. सातवीत त्याच्याबरोबर चार पोरं होती, त्यातला कौतिक सगळ्यांत तल्लख. वेचणी सुरू झाल्यावर चौघंही दिसेनाशी झाली. सुपडू त्यांच्या घरी गेला. कौतिकच्या बापाला म्हणाला, "काका, कौतिकनी पाथ मी येची टाकसू. त्याले शाळामा धाडा." आणि खरंच पहाटे उठून त्यानं कौतिकच्या वाटणीची ओळ वेचून टाकली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. आठवडाभरात बापांनाच लाज वाटली आणि चौघं पोरं माझ्यावर परत आली. मास्तरांनी पहिल्यांदाच पाच अर्ज भरून पाठवले.

आता खरी गंमत ऐका.

परीक्षा चैत्राच्या सुरुवातीला, लग्न वैशाखात, आमच्याच गावी. सगळं बेतशीर ठरलं होतं. पण धुळ्यात पटकीची साथ आली आणि परीक्षा पुढे गेली. किती पुढे, ते कळवणारं पत्र यायला इतका उशीर झाला, की ते आलं तेव्हा सुपडू पाटावर बसलेला, अंगाला ओली हळद, हातात लिंबू टोचलेला चाकू, आणि बाया गाणी म्हणताहेत. मास्तर धावत मांडवात आले आणि पत्र वाचून दाखवलं. परीक्षा परवा, धुळ्याला! लग्न त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी तिथंच होते, पाहुण्यांना बसायला शाळेतून मला नेलं होतं.

सुपडूची मोठी आत्या झुंबरबाई, गाव तिला अक्का म्हणायचं. घरातल्या रीतीभाती तिच्या हाती. ती म्हणाली, "हळद लागनी ना, आते शीव वलांडानी नही. मना आज्याना येळनी रीत शे."

रीत मला माहीत होती. हळद लागलेल्या नवरदेवानं लग्न लागेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर काहीतरी वाईट होतं म्हणे. काय होतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं, कारण कोणी ओलांडलीच नव्हती.

पुना आबा सुटल्यासारखे म्हणाले, "जाऊ दे मग. पोरगी काय आते मांडव मोडी का?"

सुपडू पाटावरून उठला. "आबा, ती मांडव नही मोडी. पण मी तिले शबद देयेल शे. जलमभर तिना तोंडकडे कसा दखू?"

चारही पोरं मास्तरांच्या मागं उभी होती. सुपडूची गाडी जाणार नसेल, तर त्यांचे बाप काही त्यांना एकटं धुळ्याला पाठवणार नव्हते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कौतिक तर रडायलाच लागला. मलाही गलबलून आलं. आठ वर्षांत पहिल्यांदा पाच जण शेवटपर्यंत बसले होते हो माझ्यावर.

मग अक्का माझ्यापाशी आली आणि तिनं मला काठीचा एक सणसणीत तडाखा दिला. धुरळ्याचा असा लोट उठला, की निम्मा मांडव खोकायला लागला. आठ वर्षांत मला कोणी एकदाही धुतलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक घरातल्या पोराच्या पायाची धूळ माझ्यात साठलेली.

"दखा," अक्का म्हणाली, "हाई पट्टीमा बठ्ठा गावनी माती शे. हाईवर तो बठना म्हंजे तो गावमाच शे. त्याना पाय मातर दुसरी भुईले लागाले नको."

अक्काच्या शब्दापुढे बोलायची कोणाची टाप होती?

परीक्षेच्या दिवशी पहाटे बैलांची दमणी निघाली. दमणीत घडी करून मी, माझ्यावर पिवळा सुपडू, भोवती चार पोरं, पुढे मास्तर आणि पहारा करायला स्वतः अक्का. शिवेपाशी तिनं गाडी थांबवली, सुपडूचे पाय माझ्यावर नीट आहेत ना ते वाकून पाहिलं आणि मग म्हणाली, "हाकला."

धुळ्यात तर तमाशाच झाला. परीक्षेच्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत चांगलं अंगण होतं. पोरांनी मला उलगडलं, सुपडू माझ्यावरून चालला, टोकाला पोचला की तिथं एका पायावर उभा, मग पोरांनी मागचं टोक ओढून पुढं टाकायचं. असे चार टप्पे. सगळं धुळं हसत होतं. मी मात्र मानानं पसरत होते, राजाच्या पायाखाली पसरावं तशी.

पर्यवेक्षक साहेबांनी चष्मा वर केला. "हा काय प्रकार आहे?" मास्तरांनी हात जोडून सांगितलं. साहेब पट्टीकडे बघत राहिले, पिवळ्या उमेदवाराकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "पट्टीला माझी हरकत नाही. चाकू मात्र बाहेर ठेवा." मग अक्का दिवसभर खिडकीबाहेर तो चाकू आणि लिंबू धरून उभी राहिली. मधूनमधून आत डोकावून सुपडूचे पाय बघायची. गणिताच्या वेळी त्याच्या घामाबरोबर हळद पेपरवर टपकत होती. पण तो शेवटची घंटा होईपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. थाटात लागलं.

निकाल जूनमध्ये आला. कौतिक आणि बाकीची तिन्ही पोरं पास. सुपडू गणितात नापास.

गावानं चौघांचे पेढे वाटले आणि पाचव्याचं नाव काढलं नाही. सुपडू मास्तरांना म्हणाला, "चार पोऱ्या पास व्हयनात, बस झाया. मी आते येवाव नही." मला फार वाईट वाटलं. शब्द त्यानं पाळला होता, त्याला कोण काय म्हणणार? नवं वर्ष सुरू झालं. सहावीतून नऊ पोरं माझ्यावर आली, कारण आता शाळेतून फायनल पास होता येतं हे गावाला दिसलं होतं. मी खूश होते आणि नव्हतेही.

पाचव्या दिवशी दारात पुष्पाबाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, नवा हिरवा चुडा. गावची नवी सून अशी शाळेत आलेली कोणी पाहिली नव्हती. ती मास्तरांना म्हणाली, "यांचं नाव पुन्हा पटावर घाला."

तिच्या मागं सुपडू, हातात पाटी, चेहरा लाल. तो पुटपुटला, "तुन्ही अट पुरी व्हयनी ना? बसनू ना मी?"

"माझी झाली," ती म्हणाली. "तुमची कुठं झाली?"

सुपडू उंबऱ्यावरच थांबला. नऊ पोरं त्याच्याकडे बघत होती. बावीस वर्षांचा, लग्न झालेला, नापास माणूस. त्याचा पाय पुढं उचलेना. तेवढ्यात मधल्या एका पोरानं पाटीवरून नजर न काढता, नुसतं कमरेनं सरकून जागा केली. त्याचं पाहून शेजारचं सरकलं. सुपडू आला आणि बसला. टोकाला नाही, मधोमध.

पुढल्या चैत्रातल्या परीक्षेत तो पास झाला. नोकरी-बिकरी केली नाही, आजही शेतीच करतो. आता मी वीस वर्षांची झाले. तीन ठिकाणी फाटले आहे, नवी पट्टी आली की मला काढतील, काढू देत. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीत कोणी अर्ध्यावर उठून गेलं असेल, आणि आता कुठल्या तोंडानं परत जाऊ म्हणत असेल, तर त्याला फार समजावत बसू नका. दारापर्यंत सोबत करा फक्त. आत पोरं सरकून घेतात.