येसूबाईंच्या गाण्यांना लागलेले कुलूप

रविवारी सकाळी अकरा वाजता माझ्यातल्या सगळ्या फायलींना कुलूप लागले. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत पैशांची मागणी उमटली. समोर श्रीपती बसले होते. त्यांनी माउस हलवून पाहिला. काहीच हलले नाही.

मित्रांनो, मी कान्हे गावातला एक जुना घरगुती संगणक आहे. तळेगावच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. श्रीपती देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला घरी आणले. त्यांचा मुलगा प्रज्ञेश माझ्यावर नोकरीचे अर्ज भरी. पण माझे खरे काम दुपारी चाले. श्रीपतींच्या आई येसूबाई स्वतः रचलेली गाणी सांगत आणि श्रीपती एका बोटाने ती टाइप करीत. भातलावणीची, पाठवणीची, बाबासाहेबांची. येसूबाईंना लिहिता येत नव्हते.

"येवढ्या येळात पायलीभर दळून झालं आसतं रं, श्रीपा!"

"आये, जरा थांब की. ह्यो 'ळ' कुटं दडलाय ते बघू दे."

शेजारणी कौतुकाने म्हणत, "येसूमावशीची गाणी मिशिनीत गेली. आता न्हाई मरायची."

गेल्या वर्षी मी फार संथ झालो. कामशेतच्या कैलासने मला दुरुस्त करून नवी सिस्टीम टाकली. जुना मराठी फाँट मात्र परत टाकायचा राहिला. गाणी माझ्यात होती, पण पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हे दिसत. कुणालाच घाई नव्हती. गाणारी घरातच होती.

मग येसूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ओळखीची गाणी रोज ऐकवा, एखादा शब्द परत येईल. शेजारणींना धृपदे आठवत होती. पुढची कडवी कुणालाच येत नव्हती.

म्हणून त्या रविवारी श्रीपती इंटरनेटवर तो फाँट शोधू लागले. एका पानावर मोठे हिरवे बटण होते. ते त्यांनी दाबले. जे उतरले तो फाँट नव्हता. मी लगेच धोक्याची लाल खिडकी दाखवली. पण त्या पानावरच लिहिले होते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मगच फाँट चालेल.'

स्वयंपाकघरातून सून अमृता म्हणाली, "आबा, लाल काही आलंय का? मग थांबा, हात पुसून आलेच."

"आगं, मराठी अक्षरं हायती ती. त्येला कसला आलाय व्हायरस!"

पलीकडे खाटेवर येसूबाई उशीला टेकून लेकाकडे बघत होत्या. श्रीपतींनी माझा पहारा बंद केला आणि उतरलेली फाइल उघडली.

प्रज्ञेशने गाण्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती. हरवू नये म्हणून तो पेनड्राइव्ह कायम माझ्यातच खोचलेला असे. त्यालाही कुलूप लागले.

मित्रांनो, प्रत काढलीत की ती यंत्रापासून वेगळी ठेवा. एखादे पान पहारा बंद करायला सांगत असेल, तर ते पानच बंद करा. लाल खिडकी दिसली की हात आवरा. मला त्या सकाळी खिडकी दाखवण्यापलीकडे काही करता आले नाही.

आता मी कैलासच्या दुकानात आहे. त्याने श्रीपतींना स्पष्ट सांगितले, "भाऊ, पैसे भरले तरी ते उघडून देतील याचा भरवसा नाही. फॉरमॅट केला तर मशीन चालू होईल, पण गाणी जातील."

"आन् तसाच ठिवला तर?"

"पुढं कधी या कुलपाची चावी निघाली तर निघाली. बहुतेक नाहीच निघत."

"ऱ्हाऊ दे मग तसाच," श्रीपती म्हणाले आणि गेले.

काल अमृता विचारायला आली होती. चावी सापडलेली नाही. येसूबाई अजून बोललेल्या नाहीत.