दोन इंचांचा स्पीकर

भूपेंद्रचं हे वागणं भागाबाईंना मुळीच खपत नव्हतं. बाप समोर खाटेवर टक्क जागा, आणि हा त्याच्या पायाशी उभा राहून असा बोलत होता, जणू खाटेवर गव्हाचं पोतं टाकलंय.

"बाबांना विचारायचं काय त्यात? त्यांना काय समझतंय आता? तीन दिवसांपासून नुसते पुटपुटून राहिले. जैनाबादचा भंगारवाला चार वाजता टेम्पो घेऊन येऊन राहिला. टेबल, डबे, सगळं देऊन टाकू. फालतूची जागा अडलीय."

टेबल खाटेवरच्या निंबाजींचं. इथल्याच लालबागेत चाळीस वर्षं त्यांनी त्यावर रेडिओ आणि टेप दुरुस्त केले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून आवाज ओठांपर्यंत येऊन विरायचा. अगदी कान लावला तरी हाती काही लागत नसे.

"ज्याचं टेबल, त्याला विचारल्याबिगर त्यातला खिळासुद्धा घराबाहेर जायचा नाही," भागाबाई म्हणाल्या.

"मग विचार ना! तुला तरी ऐकू येतं का?"

"येईल. चारच्या आत येईल."

"आई, मोबाइलवर आवाज मोठा करायचं ॲप असतं..."

"मोबाइल तुझ्या खिशात आणि तू दिवसभर दुकानात. ॲप काय माझ्या कपाळाला लावू?"

भागाबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पण नवऱ्याच्या हातात सुटे भाग देता देता रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या त्यांना पाठ झाल्या होत्या. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार, हे त्या स्वतःच्या नावापेक्षा लवकर वाचत. त्यांनी डबा उपसला. फुटक्या रेडिओतला दोन इंचांचा स्पीकर काढला. स्पीकरसमोर बोललं की तोच माइक होतो, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर, नऊ व्होल्टची बॅटरी. पुढची तार जुन्या ॲम्प्लिफायरला. चष्मा घसरत होता, सोल्डरचा धूर डोळ्यांत जात होता, पण बाई उठल्या नाहीत.

तीनच्या सुमारास त्यांनी स्पीकर निंबाजींच्या ओठांशी धरला. नुसती खरखर.

"झालं समाधान?" भूपेंद्र दारातून म्हणाला. "सोड ना आता ही जिद."

"तू आधी तुझं तोंड आवर."

तेवढ्यात निंबाजींचा डावा हात हलला. बोट ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायावर टेकलं, तिथून सरकलं आणि कडेच्या, इमिटरच्या पायावर थांबलं. मग ग्राउंडच्या तारेकडे गेलं आणि पुन्हा मधल्या पायाकडे आलं.

भागाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नेहमीच्या माइकसारखी त्यांनी स्पीकरची तार बेसला, त्या मधल्या पायाला जोडली होती. निंबाजी पूर्वी सांगायचे, "भागा, याच्या कॉइलला वेढे थोडे. आवाज बेसवर दिला तर बुडतो. तो इमिटरमधून आत घे, आणि बेस कंडेन्सर लावून ग्राउंडला बांध."

म्हणे, काय समझतंय! ओरडून सांगावंसं वाटलं, पण हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. त्यांनी दोन्ही तारा उकलल्या आणि बोटानं दाखवल्या होत्या तशा जोडल्या.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भूपेंद्र चप्पल घालू लागला. भागाबाईंनी बटण दाबलं.

आधी श्वास ऐकू आला. अख्ख्या खोलीभर, संथ. मग शब्द आले, एकेक, अडखळत, पण स्वच्छ.

"भूपा... टाचेखालची उशी काढ. टोचतेय. तीन दिवस सांगतोय."

ती कडक उशी भूपेंद्रनंच तीन दिवसांपूर्वी आणून घातली होती. तो एका पायात चप्पल तसाच उभा राहिला. पुन्हा हॉर्न वाजला. भागाबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि पोराकडे पाहिलं.

"पुटपुटत नव्हता रे तुझा बाप. तुला काम सांगत होता, आणि तू त्याचं टेबल भंगारात घालायला निघालास. आधी उशी काढ. मग बाहेर जाऊन त्या टेम्पोवाल्याला सांग, मालक घरात आहेत, विचारून कळवतो."