कुंडीतली माती

"काका, या मडक्यात माती असेल ना? ती कुठे आहे?"

संग्रहालयातल्या बाईंनी हे विचारलं आणि कवळीवाले गोंधळले. मडकं त्यांनी किती मेहनतीनं धुतलं होतं! दात घासायचा मऊ ब्रश घेऊन, आत हात घालून, काठावरच्या रेघांतला कणन् कण काढून. बाई आल्या की आधी 'वा' म्हणतील, अशी त्यांची खात्री होती.

"माती होय? ती हिनं कुंडीत घातली. गुलाबाच्या."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. रागावल्या मात्र नाहीत.

कवळीवाले दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवत. आठवडाभर घरातल्या मागच्या खोलीत मेणात एकेक दात बसवायचा आणि रविवारी नदीकाठच्या वीटभट्टीवर जायचं, हा त्यांचा जुना नेम. भट्टीवाले मातीसाठी काठ खोदत, आणि त्या खड्ड्यात जुन्या भांड्यांचे तुकडे, म्हणजे खापरं, निघत. कवळीवाले ती पिशवीत भरून आणत. भट्टीवरची माणसं त्यांना खापरकाका म्हणत. बायको म्हणे, "दुसऱ्यांचे नवरे रविवारी भाजी आणतात, आमचे फुटकी मडकी!"

हे मडकं मात्र अखंड होतं. तोंडावर वाडगा उपडा घातलेला, बुडाला एक लहानसं भोक. असलं काही हाती लागण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून त्यांनी आपण होऊन संग्रहालयात फोन केला होता.

मडकं घरात आल्यापासून मात्र घर बदललं होतं. त्यांनी ते खिडकीत ठेवलं. वारा आला की ते घुमायचं. बारीक, लांबून आल्यासारखा आवाज. बायको हातातलं काम टाकून बाहेर यायची. "कोणी हाक मारली का हो?" वारा आहे, बुडाला भोक आहे, म्हणून घुमतंय, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो मडकं खिडकीतून आतल्या फडताळात गेलेलं, वर जुनी मऊ ओढणी घातलेली. तिला ते आवडलेलं दिसत नाही, असं त्यांना वाटलं.

"मडक्याच्या वर, आजूबाजूला काय होतं, आठवतं?" बाईंनी विचारलं.

"वर जमीन चोपून सपाट केलेली होती. घट्ट. आणि बाजूला राख. म्हटलं, कोणाची तरी चूल असेल."

"आता दिसेल ते?"

"छे! दुसऱ्या दिवशी यंत्र फिरलं तिथून. त्याच्या विटा होऊन गेल्या असतील."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. "म्हणजे ते पाहिलेले तुम्ही एकटेच. काका, माती ठेवली असतीत तर फार बरं झालं असतं, ते खरंच. पण तुम्ही तिथे गेलाच नसतात, तर कुणाला काहीच कळलं नसतं."

"कळलं म्हणजे? आहे काय हे?"

बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे बायको उभी होती. बाईंनी आवाज खाली आणला. "मातीशिवाय खात्रीनं नाही सांगता येत. पण तोंड झाकलेलं, बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक... हजारो वर्षांपूर्वी इथले लोक अशा मडक्यांत तान्ही बाळं पुरत असत. जन्मून लगेच गेलेली."

बायको बाल्कनीत गेली आणि कुंडीपाशी जमिनीवर बसली.

"काकू, मला ती माती चाळून बघायला लागेल."

"कुंडी नाही मिळायची."

"अगं, त्यांचं काम आहे ते," कवळीवाले म्हणाले.

"तुम्ही नका बोलू. तुम्ही तेव्हाही 'बरं' म्हणालात."

कवळीवाल्यांनी मान खाली घातली. त्यांचं बाळ सकाळी जन्मलं आणि दुपारी गेलं. ती गुंगीत होती. दवाखान्यातली माणसं म्हणाली, आम्ही सगळं करतो, आणि ते बरं म्हणाले. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटपलं होतं. कुठे ठेवलं, असं तिनं विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. पुढे घरात तो विषय निघाला नाही, आणि मूलही झालं नाही.

"नेऊन काय करणार गं?" तिनं बाईंना विचारलं. "खोक्यात घालून वर नंबर टाकणार?"

"हो," बाई म्हणाल्या. "नंबर टाकणार. म्हणजे हरवणार नाही. कुठे आहे, ते कोणालाही, कधीही सांगता येईल."

बायको कुंडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "आणि त्या लोकांनी... तान्ह्याला कुठे पुरलं होतं? गावाबाहेर?"

"नाही. काका म्हणतात ना, चोपलेली जमीन होती, राख होती. म्हणजे घरातच. चुलीजवळ, जमिनीखाली."

"घरातच?"

"हो, काकू."

"आईजवळ," ती म्हणाली.

ती उठली. आत जाऊन पिठाची चाळणी घेऊन आली. रोप तिनं स्वतःच अलगद उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. वर्तमानपत्र पसरून मूठ मूठ माती ती चाळू लागली. कोणाला हात लावू देईना.

बऱ्याच वेळानं ती थांबली. तळहातावर पांढरट, पातळ, आतून पोकळ असं काहीतरी होतं. नखाएवढंही नाही.

"शिंपला आहे का हा?"

कवळीवाल्यांनी चष्मा वर सरकवला. तळहात डोळ्यांजवळ आणला. "नाही," ते म्हणाले. "दात आहे."

बाळ जन्मतं तेव्हा तोंड रिकामं दिसतं. पण हिरड्यांच्या आत दात घडायला लागलेले असतात. आधी नुसतं वरचं टोपण तयार होतं. मूळ मागाहून येतं. या दातांना मूळ आलंच नव्हतं.

ते मागच्या खोलीत गेले आणि गुलाबी मेणाची पट्टी घेऊन आले. चाळणीत एकेक टोपण मिळत गेलं, तसतसं ते चिमट्यानं उचलून मेणावर ठेवत गेले. समोरचे समोर, बाजूचे बाजूला. बाईंनी त्यांना अडवलं नाही. पडून गेलेल्या दातांच्या जागी दात बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कधीच न आलेले दात त्यांच्या हाती पहिल्यांदाच येत होते. पट्टीवर हिरडीचा एक इवलासा बाक तयार झाला. तो पाहून बायको हुंदका न देता रडली.

निघताना बाईंनी मडक्यासाठी कापूस काढला. बायकोनं फडताळातून मडकं आणलं, ओढणीसकट. "हीच राहू दे. सवय झालीय." बाईंनी ओढणी काढली नाही.

"काका, उद्या मला ती जागा दाखवाल? तिथे अजून घरं असतील, अशी मडकीही. भट्टीवाल्यांशीही बोलावं लागेल. किती वर्षं खोदताहेत ते?"

"आम्ही इथे आलो त्याच्याही आधीपासून. उद्या सकाळीच जाऊ. यंत्र लागायच्या आत."

जिन्यातली पावलं विरली. कवळीवाले रिकाम्या कुंडीत बाजारची माती भरत होते. रोप उभं करून त्यांनी पाणी घातलं. वारा सुटला होता, पण घरात आवाज नव्हता.

"अहो," आतून बायकोनं विचारलं, "आपल्या घराच्या विटा कुठल्या?"

"त्या भट्टीवरच्याच," ते म्हणाले. "गावात सगळ्यांच्याच तिथल्या."

हात धुऊन ते आत आले. बोळातली भिंत गिलावा न केलेली, नुसत्या विटांची होती. बायको त्या भिंतीजवळ स्टूल ओढून बसली होती. तळहातानं, हलक्या हातानं, ती भिंत थोपटत होती.

त्यांनी दुसरं स्टूल आणलं आणि आवाज न करता तिच्याशेजारी ठेवलं.