अंगारकीची वडी

कुशाक्काचा उपास लई गुणाचा. माझ्या हातात वाटी दिसली की तो आलाच.

सोमवारी म्हादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, बुधवारी इठोबाचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. रविवार तेवढा मोकळा असंल म्हणून एकदा मी रविवारी खीर घेऊन गेले, तर म्हणाली, "अगं बाई, आज खंडोबाचा!" आणि तिच्या चुलीवर शिजणाऱ्या मटणाचा वास माझ्या नाकात शिरत हुता. मी म्हणलं, "अक्का, खंडोबाला मटण चालतंय वाटतं?" तर म्हणती, "त्ये ह्यांच्यासाठी हाय." आता हे म्हंजी मानसिंगराव, तिचं मालक. दोन दाढा उरल्या हुत्या बिचाऱ्याला. तो एवढा टोप एकटा कवा संपवायचा, खंडोबालाच ठाऊक. आणि एवढं उपास करून बाई वाळायला पायजे का न्हाय? तर दर दिवाळीला झंपर उसवायला माझ्याकडंच. शिवणकाम मी करायची ना. माझ्या हातचं झंपर चालायचं तिला.

जळोचीत आमचं आणि तिचं घर भिंतीला भिंत लावून. त्यांचा ऊस, ट्रॅक्टर, कारखान्याचं सभासदपण, आणि कुशाक्का महिला मंडळाची अध्यक्ष. आमी बौद्ध. माझं मालक कचरू पाटबंधारे खात्यात कारकून. सासऱ्यांनी छप्पन साल उलटताच घरातलं देव नीरेत सोडलं, तवापासनं आमच्यात उपास न्हाय की तापास न्हाय. शिजंल ते खायचं आणि भांडी घासून झोपायचं.

बाई वाईट न्हवती, हे पण सांगते. माझी करुणा पोटात आडवी आली तवा हिनंच ट्रॅक्टर काढायला लावला, बारामतीच्या दवाखान्यापर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि वाटंतल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या घातल्या. सणाला तिच्या घरची पुरणपोळी यायची. मी खायची की, बोटं चाटून खायची. पोळीचा काय दोष? कुशाक्कानं जीव लावला, फक्त जीभ तेवढी लावली न्हाय. आमच्या घरचं पाणीसुदिक तिच्या घशाखाली कवा उतरलं न्हाय.

मला कळत न्हवतं का? सगळं कळत हुतं. आणि माझं तोंड काय हाय हे सगळ्या जळोचीला ठाऊक. पण त्या एका गोष्टीवर मी तोंड उघडलं न्हाय, ते करुणापायी. पोरगी लहानपणी तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. एकदा तिनं इचारलं, "आई, काकू आपल्यात का गं जेवत न्हाईत?" मी म्हणलं, "त्या लई देवभोळ्या. कायम उपाशी असतात." पोरीनं मान डोलावली आणि खेळायला पळाली. तवा मनाशी ठरवलं, माझ्या जिवाला लागलंय ते लागलंय, पोरीच्या जिवाला लागू द्यायचं न्हाय.

पुढं करुणा पुण्याला होमसायन्सला गेली. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असंल. सुट्टीला आली ती एक चमकता कागद घेऊन. हॉस्टेलातल्या मैत्रिणीच्या मामानं अमेरिकेतनं आणलेली वडी हुती म्हणं त्यात. तिला म्हणायचं ग्रॅनोला बार. गोरी माणसं सकाळी उठून हेच चावतात. एक तुकडा ठेवला हुता माझ्यासाठी. मी खाल्ला. सांगायचं तर भुसा मधात कालवून वाळवावा तसं.

"ह्यात ओट असतात आई," करुणा म्हणाली.

"ओट? अगं, मानसिंगरावांच्या गाई खातात ओट. तेवढ्यासाठी तुझी फी भरली का?"

"म्हणून तर आपण राजगिऱ्याची करू. मंडळाची पौष्टिक पदार्थांची स्पर्धा हाय. आमच्या मॅडम येणारायत परीक्षक म्हणून. आणि आई, राजगिरा, खजूर, शेंगदाणे, सगळं उपासाचं घालायचं. म्हंजी काकूंना पण खाता येईल. बिचाऱ्या कायम उपाशी असतात."

अख्खा जन्म मी त्या उपासाला शिव्या दिल्या, आणि आता तो उपासच वाचवायची पाळी आली. आजपर्यंत बाईकडं निमित्त हुतं. पोरगी निमित्तच काढून घ्यायला निघाली. चार बायकांत कुशाक्कानं हात मागं घेतला की पोरगी समजायचं ते समजणार.

"गव्हाचं सत्त्व घाल की," मी म्हणलं. "लई पौष्टिक असतं."

"गहू उपासाला चालत न्हाय आई."

"तुला कुणी सांगितलं?"

"काकूंनीच."

घ्या! गेले राजगिरा निवडायला.

वड्या करायला बसलो. तिनं तापल्या कढईत राजगिरा टाकला आणि फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत लाह्या फोडल्या. निम्म्या कढईत, निम्म्या माझ्या केसांत. शेंगदाणे भाजून भरडले, बदाम-काजूचे काप केले, खोबरं किसलं, मनुका निवडल्या, भोपळ्याच्या बिया सोलायला मला बसवलं. बिया सोलून नखं गेली माझी. खजूर वाटून गुळाच्या पाकात घातला, त्यात सगळं ढवळलं आणि ताटात थापून वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी सुरीनं पट्ट्या पाडल्या.

कचरू एक वडी घेऊन बराच येळ नुसता चावतच बसला. मग पाणी पिऊन म्हणाला, "चव झकास हाय. पण ही वडी म्हणायची का वीट?"

मी पण म्हणलं, "करुणा, कोरडी झालीया गं. तूप सोड थोडं. घशाला लागती."

"असू दे आई," ती म्हणाली. "अशीच असती ती."

शिकल्यासवरल्या पोरीला आपण काय सांगणार!

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव. बघती तर सगळ्या बायका सुतकी तोंडं करून बसलेल्या. अंगारकी निघाली हुती! पुण्याच्या मॅडमनी तारीख दिली, ती हिकडं सगळ्यांनी मान डोलावून घेतली, आणि मांडव घातल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की आज मंगळवारची संकष्टी. आता घ्या. टेबलावर सोयाबीनचे लाडू, नाचणीचे ढोकळे, मटकीचे वडे मांडलेले आणि अर्धा मांडव उपाशी. मंडळातली सारजा स्वतःच्याच मटकीच्या वड्यांवरच्या माश्या हाकत आवंढे गिळत हुती. उपासाला चालणाऱ्या वस्तू फक्त दोन. कुशाक्काच्या सुनेची, राजेश्वरीची, शेंगदाण्याची चिक्की आणि आमच्या करुणाच्या वड्या.

कुशाक्का मधल्या खुर्चीत, हातात चहाचा कप. सुनेच्या चिक्कीचा तुकडा तिनं असा काडकन मोडला की मागल्या रांगेला ऐकू गेलं. "झाक झालीया," म्हणाली.

मग मॅडम करुणाच्या ताटाशी आल्या. एक वडी खाल्ली, डोळं मिटलं, दुसरी उचलली. "वा! राजगिरा, सुका मेवा, गूळ. अध्यक्षबाई, ही तर खास तुमच्या उपवासाची. घ्या ना."

आणि करुणानं ताट पुढं केलं. हसत. "काकू, तुमच्यासाठीच केलीया."

सगळा मांडव बघाय लागला. कुशाक्कानं वडी बोटांच्या टोकानं उचलली, विंचू धरावा तशी.

"ह्यात तीळ हाय का गं? आमच्यात तीळ चालत न्हाय."

"तीळ न्हाय काकू."

"बडीशेप?"

"न्हाय."

"तूप कसलं हाय?"

"तूपच न्हाय."

"मंजी... माझा आज निर्जळी हाय, बाय."

मॅडमनी तिच्या हातातल्या चहाकडं बघितलं. सारजानं बघितलं. कुशाक्कानं पण बघितलं, आणि कप खुर्चीखाली सरकवला.

करुणाच्या हातातलं ताट खाली यायला लागलं. मी उठले. जिनं मला एवढी वर्षं उष्ट्या वाटीगत बाजूला सारलं, तिच्यासाठी मी भर मांडवात खोटं बोलले. म्हणलं, "मॅडम, राहू द्या. अक्कांची दाढ दुखतीया. रात्रभर कण्हत हुत्या, भिंतीपल्याडनं मला आयकू येत हुतं."

कुशाक्कानं माझ्याकडं बघितलं. बुडत्याला दोर मिळाला. "व्हय की! लई ठणकतीया," आणि गालाला हात लावला.

"मग चिक्की कशी गेली, काकू?" करुणा म्हणाली. आवाज कसा गोड, साखरेत घोळलेला. "ती तर दगडासारखी हाय."

राजेश्वरीनं पदर तोंडात कोंबला. सासूची फजिती झालेली बघून तिला उकळ्या फुटल्या हुत्या. सारजा म्हणाली, "खा की ओ अक्का. तुमी खाल्ल्याबिगार आमाला मिळंना. जीव चाललाय हितं."

कुशाक्का घामाघूम. मग तिनं डोळं गच्च मिटलं, गणपतीचं नाव घेतलं आणि अर्धी वडी एकदम तोंडात कोंबली, एरंडेल घेतल्यागत. चावली. थांबली. परत चावली. भुवया वर गेल्या. चव लागली हुती बाईला! उरलेली अर्धी पण कोंबली. अधाशी कुठली.

आणि ठसका लागला. राजगिऱ्याची लाही गेली घशात. बाई लालभडक. डोळं बाहेर, हात हवेत. पाण्याची टाकी पटांगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिकडं राजेश्वरी पळाली आणि साडीत अडकून मटकीच्या वड्यांवर पडली. आणि करुणानं टेबलाखालनं काय काढावं? आमचा तांब्या. घरनं आणलेला, पाण्यानं भरलेला, माझ्या सासूचं नाव कोरलेला. तिनं तो माझ्या हातात दिला.

मी तांब्या घेऊन कुशाक्काच्या पुढं उभी राहिले. तिनं तांब्या ओळखला. खोकत खोकतच तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पी की गं भवाने!" मी वरडले. "आधी जग, मग बाट!"

तिनं तांब्या हिसकावला. वरनं धार धरायची पद्धत हाय, पण कुठली धार आणि कुठलं काय. तोंड लावूनच घटाघटा प्याली. हनुवटीवरनं पाणी ओघळलं, झंपर भिजलं, मीच शिवलेलं. तांब्या खाली ठेवून तिनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आणखी हाय का?"

कुणी काय बोलायच्या आत सारजानं ताटावर झडप घातली. बाकीच्या बायका तिच्या अंगावर. ताट चाटूनपुसून साफ. पहिला नंबर कुणाचा, मॅडमनी जाहीर करायची गरजच उरली न्हाय.

सांजच्याला घरी येताना मी करुणाला म्हणलं, "काकूंना चव आवडली बघ. एवढ्या उपासांनी नाजूक झाल्यात त्या. म्हणून ठसका..."

"आई," ती म्हणाली, "पुरे आता."

"काय पुरे?"

"तू दिलेली खीर काकू गाईला घालायच्या. मी भिंतीवर चढून बघायची. चौथीत असल्यापासनं ठाऊक हाय मला."

रस्त्यातच थांबले मी. उसाची बैलगाडी बाजूनं गेली, गाडीवान ओरडला, तरी हलले न्हाय.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुला कळलं तर तुला वाईट वाटंल म्हणून."

आयला! मी तिच्यापासनं लपवत हुते, ती माझ्यापासनं, आणि मधल्या मधी गाय खीर खाऊन गुबगुबीत झाली. मला हसू आलं आणि रडूही आलं. पदरानं तोंड पुसलं.

"आणि ही अंगारकी?" मी इचारलं.

"मॅडमना तारीख मीच सुचवली."

"आणि वडी कोरडी..."

"तूप नसलं की राजगिरा पाण्याशिवाय घशाखाली उतरत न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "पहिल्याच वर्षी शिकवलंय आमाला."

ही पोरगी माझीच, त्यात शंका न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसातल्या चुलीपाशी. भिंतीपल्याड खाकरल्याचा आवाज आला. बराच येळ नुसतं खाकरणंच चाललं हुतं. मी मुद्दाम वळले न्हाय.

"भागे."

"काय ओ अक्का?"

"काय शिजवलंयस?"

"मटकीची उसळ. का ओ? आज बुधवार. इठोबाचा ना तुमचा?"

पल्याड बांगड्या वाजल्या. वळून बघितलं तर भिंतीवरनं एक हात आलेला, आणि हातात तिच्या घरची रिकामी वाटी.

"इठोबाला मी सांगते काय सांगायचं ते," कुशाक्का म्हणाली. "तू वाढ. रस्सा जास्त घाल."