केरबाच्या डब्यातली भाकरी

हुपरीत पैंजण घडवणाऱ्या महालिंगच्या बायकोला, शांतादेवीला, दोन वर्षं घास गिळवत नव्हता. चार घास गेले की छातीत अडकायचं, मग मोरीत जाऊन सगळं बाहेर. वजन पार उतरलं. दुर्बिणीतून तपासलं, गाठबिठ काही निघाली नाही. "मनाचं आहे," असं दोन डॉक्टरांनी सांगितल्यावर सासूला जोर चढला. "मी म्हणत हुते की, थेरं हायेत नुस्ती!"

शांतादेवीनं वाद घातला नाही. सत्त्याण्णवच्या मार्चात ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आणि एकदा कोल्हापूरला न्या. कुठं अडकतंय ते मला ठावं हाय."

एक्स-रे सेंटरात तंत्रज्ञ केरबानं तिला यंत्रापुढं उभं केलं आणि बेरियमचा पेला हातात दिला. खडू कालवल्यासारखं पांढरं औषध. ती घोट घेत गेली तसं ते पडद्यावर अन्ननलिकेतून उतरताना दिसलं. जरा रेंगाळलं, पण गेलं.

"नॉर्मल वाटतंय," पडदा बघणारे सेंटरचे डॉक्टर म्हणाले. "पुढचा पेशंट घ्या."

केरबा जागचा हलला नाही. "अक्का, पाणी अडकतंय काय?"

"पाणी जातंय की हळूहळू. भाकरी अडकतीया."

"सर, मग आपण पाणीच बघितलं. भाकरी बघितलीच न्हाय."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे. आणा भाकरी."

उपाशीपोटी बोलावलेल्या बाईकडं भाकरी कुठली असणार? केरबानं आपला डबा उघडला, तुकडा मोडून बेरियममध्ये बुडवला. "भिऊ नका अक्का. अडकला तर अडकू दे. त्येच बघायचंय."

अडकू दे म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता.

घास खाली सरकला आणि जठराच्या तोंडाशी थांबला. तिथं नळी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली. एक मिनिट, दोन, पाच. केरबा घड्याळ बघून सांगत होता, घास तिथंच.

"कुठं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं. शांतादेवीला पडदा दिसत नव्हता. तिनं छातीच्या खाली बोट ठेवलं. नेमकं तिथंच!

डॉक्टरांनी महालिंगला बोलावून पडद्यावर दाखवलं. "हे तोंड उघडतच नाही. नळीही घास पुढं ढकलत नाही. यावर उपचार आहे."

"म्हंजे खरंच हाय न्हवं?" शांतादेवीला रडू कोसळलं.

"पहिल्यापासून खरं होतं, ताई. मीच घाई करत होतो."

मिरजेच्या दवाखान्यात नळीतून फुगा आत घालून, तो फुगवून ते तोंड रुंद केलं. मे महिन्यात भाच्याच्या लग्नात शांतादेवी पंगतीला बसली, सावकाश, एकेक घास चावून. गव्हाच्या खिरीची बादली घेऊन वाढपी पुढं गेला तसं तिनं त्याला हाताला धरून थांबवलं.

"हुग्गी वाढ की आणि. तूपबी सोड वरनं."